पाच व्होल्टची लाइन, ३.३ व्होल्टचा मास्टर

मला बोलावणं आलं तेव्हा निदान आधीच ठरून गेलेलं होतं. "नवीन मास्टर बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो, खालचे सगळे कंट्रोलर ५ व्होल्टचे. व्होल्टेज जुळत नाही, म्हणून कम्युनिकेशन तुटतंय. मधे लेव्हल कन्व्हर्टर टाकायचाय, कुठला टाकू तेवढं सांगा." निदान चुकीचं होतं. गंमत म्हणजे ३.३ आणि ५ व्होल्टच्या फरकाचा या बिघाडाशी संबंध मात्र होता, पण ज्या जागी सगळे बोट ठेवत होते तिथे नाही.

मांडणी अशी. भट्ट्यांची एक लाइन, तिच्यावर सहा तापमान कंट्रोलर. नियंत्रण कक्षातल्या पॅनेलमधून एक मास्टर बोर्ड या सहांना आरएस-४८५ वरून (डिफरेन्शियल, म्हणजे दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकाने बोलणारी लाइन) पाळीपाळीने विचारतो: तापमान किती, सेटपॉइंट, म्हणजे ठरवून दिलेलं तापमान, किती. प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे नियम, मॉडबस आरटीयूचे; वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. पिळाच्या दोन तारा आणि वर शील्ड, मास्टरपासून सहाव्या कंट्रोलरपर्यंत अंदाजे १८० मीटर. चौथा कंट्रोलर बरोबर मधोमध, ९० मीटरच्या आसपास.

जुना मास्टर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. त्यातला मायक्रोकंट्रोलर बाजारातून गेला म्हणून नवीन बोर्ड काढला. नवीन मायक्रो ३.३ व्होल्टचा, तेव्हा सगळा बोर्डच ३.३ वर घेतला. जुन्या बोर्डावर मॅक्स ४८५ हा ट्रान्सीव्हर (लाइनवर बोलणारी आणि ऐकणारी चिप) होता, त्याच्या जागी ३.३ व्होल्टवर चालणारा मॅक्स ३४८५ आला. आठही पाय त्याच क्रमाने, त्यामुळे ट्रान्सीव्हरचा भाग जुन्या सर्किटवरून जसाच्या तसा उचलला. हे "जसाच्या तसा" लक्षात ठेवा.

बोर्ड बसला आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. पहिले तीन कंट्रोलर ठणठणीत. चौथा अधूनमधून गायब, पाचवा आणि सहावा तर मोटारी चालू असल्या की निम्म्या वेळा उत्तरच देत नसत. रात्री पंखे आणि ब्लोअर बंद झाले की सगळं सुरळीत.

मेन्टेनन्सच्या फोरमनचं म्हणणं सरळ होतं. "साहेब, तुमचा ३.३वाला बोलतोच हळू. पाचवाल्याला लांबून ऐकू कसं जाणार?"

मी विचारलं, "मग पहिल्या तिघांना कसं ऐकू येतं? तेही पाचवालेच ना?"

"ते जवळ आहेत ना."

उत्तर ऐकायला पटण्यासारखं आहे. म्हणूनच ते मोजून पाहायला हवं होतं.

मी पोचण्याआधी दोन उपाय करून झाले होते. फर्मवेअरवाल्यांनी प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला वेळ वाढवत नेला होता; त्याने फक्त पूर्ण फेरी रेंगाळली. आणि कुणीतरी "नाजूक ३.३ व्होल्टच्या चिपला ५ व्होल्टपासून वाचवायला" मास्टर बोर्डाच्या टर्मिनलवर ए ते ग्राउंड आणि बी ते ग्राउंड (ए आणि बी म्हणजे लाइनच्या दोन तारा) असे ३.३ व्होल्टचे दोन झेनर डायोड, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारे, डकवले होते. हेतू चांगला होता, पण त्या झेनरांनी आजारात भर घातली. तो भाग पुढे.

तारेवर ५ आणि ३.३ भेटतात तेव्हा

आरएस-४८५ चा रिसीव्हर, म्हणजे ट्रान्सीव्हरचा ऐकणारा भाग, वजाबाकी करतो. ए मधून बी वजा. फरक +२०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त तर १, −२०० पेक्षा खाली तर ०. मधल्या पट्ट्यात काय वाचायचं याची हमी कुणी देत नाही. या व्याख्येत सप्लाय व्होल्टेज कुठेच येत नाही. साध्या लॉजिक पिनचं तसं नसतं. तिथे उंबरठा ग्राउंडपासून मोजतात, तो बहुतेक वेळा सप्लायच्या प्रमाणात ठरतो, आणि सप्लायपेक्षा ०.३ व्होल्ट वर गेलात की पिन जळायची भीती. आपलं सगळं शिक्षण त्या पिनांवर झालेलं असतं, म्हणून ३.३ व्होल्टच्या चिपला ५ व्होल्टची लाइन जोडताना हात थरथरतो.

पण ट्रान्सीव्हरच्या ए आणि बी या पिना त्या जातीच्या नाहीत. मानकानुसार दोन्ही तारा रिसीव्हरच्या ग्राउंडच्या तुलनेत −७ पासून +१२ व्होल्टपर्यंत कुठेही भटकल्या तरी त्याने बरोबर वाचलं पाहिजे. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या चिपलाही यातून सूट नाही. तिचा आउटपुटचा टप्पा मुद्दाम तसा रचलेला असतो की स्वतः गप्प असताना पिनवर १२ व्होल्ट आले तरी ते सप्लायकडे उलटे शिरू नयेत. जी चिप १२ व्होल्ट सोसते, तिला समोरच्या ५ व्होल्टच्या ड्रायव्हरचे (ट्रान्सीव्हरच्या बोलणाऱ्या भागाचे) चार-साडेचार व्होल्ट म्हणजे काहीच नाही.

उलट दिशेलाही तेच. ड्रायव्हरने ५४ ओहमच्या भारावर किमान १.५ व्होल्टचा फरक द्यायचा, एवढी मानकाची अट. ५ व्होल्टवाला सहसा त्याहून बराच जास्त देतो, ३.३ वाला काठाच्या जवळ राहतो, पण दोघेही अट पाळतात. रिसीव्हरला लागतात ०.२. मधे साडेसात पट जागा आहे. दोन वेगळ्या सप्लायचे ट्रान्सीव्हर एकाच जोडतारेवर सरळ जोडता येतात, लेव्हल कन्व्हर्टरची गरज नाही, आणि तो कुठे टाकणार हाही प्रश्नच आहे: तार दोन्ही दिशांनी बोलते.

आता मोजमाप. सहाव्या पॅनेलपाशी स्कोपचे दोन प्रोब ए आणि बी वर लावले, गणिताच्या चॅनेलवर वजाबाकी घेतली आणि मास्टरला बोलायला लावलं. मास्टरच्या टोकाला फरक सुमारे १.७ व्होल्ट, सहाव्यापाशी सुमारे १.२. तारेतला ऱ्हास अपेक्षेइतकाच: २४ गेजची तांब्याची तार मीटरला ०.०८४ ओहम, १८० मीटर जाऊन-येऊन ३० ओहम होतात. १.२ व्होल्ट म्हणजे गरजेच्या सहापट. मास्टर हळू बोलत नव्हता. फोरमनना स्क्रीन दाखवला. ते म्हणाले, "मग हे ऐकत का नाहीत?" या वेळी प्रश्न बरोबर होता.

लॉगमध्ये दोन आजार होते

मास्टरचा लॉग नीट उघडून बघितला तर चुका दोन जातीच्या होत्या. एक, टाइमआउट: विचारलं आणि उत्तरच आलं नाही. दोन, सीआरसी (संदेशाच्या शेवटी जोडलेला तपासणीचा आकडा) चूक: उत्तर आलं पण फुटलेलं. तारखा लावून पाहिल्या. टाइमआउट पहिल्या दिवसापासून होते, सीआरसीच्या चुका झेनर बसले त्या दुपारपासून.

झेनर काढले आणि सीआरसीच्या चुका थांबल्या. कारण मजेशीर आहे. दोन पॅनेलांच्या ग्राउंडमध्ये मोटारी चालू असताना मला ३ व्होल्ट एसी सापडले, म्हणजे शिखराला ४.२. लांबचा स्लेव्ह, म्हणजे मास्टरला जबाब देणारा कंट्रोलर, उत्तर देतो तेव्हा त्याच्या दृष्टीने एक तार ३.५ व्होल्टला, दुसरी १ व्होल्टच्या आसपास. मास्टरच्या दृष्टीने मात्र ही जोडी सतत वरखाली होत असते. खालच्या शिखराला ३.५ चे होतात −०.७ आणि १ चे होतात −३.२. झेनर उलट्या दिशेने साधा डायोडच असतो, −०.७ ला वाहू लागतो. वरची तार −०.७ वर, खालचीला झेनर −०.७ च्या खाली जाऊ देत नाही. दोन्ही एकाच जागी येऊन चिकटल्या, फरक संपला, बिट गेलं. झेनर नसता तर रिसीव्हरने −३.२ सहज सोसले असते, कारण त्याची हद्द −७ आहे. शिवाय कमी व्होल्टेजचे झेनर मऊ गुडघ्याचे असतात, २ व्होल्टच्या आसपासच गळायला लागतात, आणि त्यांची कपॅसिटन्सही भरपूर. संरक्षण हवंच असेल तर आरएस-४८५ साठी एसएम७१२ सारखे टीव्हीएस (व्होल्टेजच्या उसळ्या शोषणारे) डायोड मिळतात, एका बाजूला ७ आणि दुसऱ्या बाजूला १२ असे मुद्दाम विषम बनवलेले. संरक्षण चिपच्या सप्लायकडे बघून निवडायचं नसतं, लाइनच्या हद्दीकडे बघून निवडायचं असतं.

राहिले टाइमआउट. उत्तर न येण्याची कारणं दोन: एक तर स्लेव्हला प्रश्न पोचला नाही, किंवा पोचला पण त्याला तो प्रश्न वाटलाच नाही.

मी मास्टरला गप्प केलं. कुणीच बोलत नसताना लाइन कशी बसते ते बघायचं होतं. सहाव्या पॅनेलमध्ये कंट्रोलरच्या मागच्या दोन स्क्रूंवर मल्टिमीटरची टोकं टेकवली. ०.१० व्होल्ट. टोकं दाबून पुन्हा बघितली, ०.०९, ०.१०. तिथून चालत मास्टरच्या पॅनेलला आलो: ०.१३.

झालं, चोर सापडला. गप्प असलेल्या लाइनवर फरक किमान ०.२ असायला हवा.

आरएस-४८५ वर कुणी बोलत नसेल तेव्हा सगळे ड्रायव्हर तारेपासून सुटलेले असतात आणि तार अधांतरी असते. टर्मिनेशनचे, म्हणजे लाइनच्या दोन टोकांना लावलेले, रेझिस्टर ए आणि बी ला एकमेकांकडे ओढतात, म्हणजे फरक शून्याकडे जातो, आणि शून्य म्हणजे नेमका तो बिनहमीचा पट्टा. म्हणून मास्टरवर बायस देतात: ए ला सप्लायकडे ओढणारा एक रेझिस्टर, बी ला ग्राउंडकडे ओढणारा दुसरा. गप्प लाइन १ म्हणून वाचली जावी, एवढंच त्यांचं काम. जुन्या बोर्डावर हे रेझिस्टर ५६० ओहमचे होते. नव्यावरही ५६० चेच. जसाच्या तसा उचललेला भाग तो हाच.

फक्त ए चा रेझिस्टर आता ५ व्होल्टऐवजी ३.३ ला बांधला गेला होता. सर्किटच्या कागदावर दोन्हीकडे तेच लेबल, "व्हीसीसी", म्हणजे सप्लाय. कागदात काहीच बदललं नव्हतं.

बोलणाऱ्या लाइनला सप्लायचं सोयरसुतक नसतं, पण गप्प लाइनला असतं. बायस हा साधा व्होल्टेज डिव्हायडर आहे, सप्लाय जितका उतरेल तितका तो उतरतो. ५ चे ३.३ झाले की गप्प व्होल्टेज तडक दोन तृतीयांशावर.

मग आकडे जुळवून पाहिले. दोन टोकांना १२० ओहम आणि मधे ३० ओहमची तार असेल, तर मास्टरला दिसणारा भार १२० समांतर १५०, म्हणजे ६६.७ ओहम. ३.३ व्होल्ट आणि ५६० चे दोन रेझिस्टर धरून मास्टरपाशी १८५ मिलिव्होल्ट यायला हवेत, लांबच्या टोकाला १४८. मला सापडले १३० आणि १००. हिशोब अजून बसत नव्हता. कुठेतरी भार जास्त होता.

सप्लाय बंद करून, बायस सुटा करून मी लाइनचा ओहम मोजला. ६७ च्या जवळ यायला हवा, आला ४७. तिसरं टर्मिनेशन! सहाही पॅनेल उघडून बघितली. चौथा कंट्रोलर पूर्वी कधीतरी बदलला होता, आणि त्याच्या मागे नखाएवढ्या डिप स्विचवर टर्मिनेशन चालू होतं. डब्यातून काढला तसाच बसवलेला.

मधोमध १२० ओहम धरून गणित केलं की मास्टरपाशी १३४ मिलिव्होल्ट, चौथ्यापाशी १०९, सहाव्यापाशी ९६. मल्टिमीटरच्या ०.१३ आणि ०.१० ला हे अगदी चिकटून बसलं.

मग जुना बोर्ड परत लावून बघितला, कारण "जुना चालत होता" या वाक्याचं उत्तर द्यायचं होतं. मास्टरपाशी ०.२०, सहाव्यापाशी ०.१५. म्हणजे जुनी व्यवस्थासुद्धा लांबच्या टोकाला मानकाच्या बाहेरच होती. चौथा कंट्रोलर बदलला त्या दिवसापासून ती नशिबावर चालली होती. बहुतेक रिसीव्हरांचा खरा उंबरठा शून्याच्या बराच जवळ असतो आणि थोडा हिस्टेरेसिसही (जायचा आणि परत यायचा उंबरठा वेगळा) असतो, म्हणून १५० मिलिव्होल्टवर संसार निभला. ५ व्होल्टच्या बायसने तिसऱ्या टर्मिनेशनचं पाप झाकून ठेवलं होतं. नव्या बोर्डाने ते उघड केलं आणि बदनामी मात्र ३.३ व्होल्टच्या वाट्याला आली.

१०० मिलिव्होल्टवर नेमकं काय घडत होतं

हे डोळ्यांनी बघायला मिळालं म्हणून सांगतो. सहाव्या कंट्रोलरचं झाकण काढून त्याच्या ट्रान्सीव्हरच्या आरओ पायावर प्रोब टेकवला. हा पाय म्हणजे रिसीव्हरने काय ऐकलं ते मायक्रोला सांगणारी पिन. लाइन गप्प, आरओ वर स्थिर. शेजारचा ब्लोअर चालू करायला सांगितलं. ड्राइव्हने वेग घेताच त्या स्थिर रेषेत खालच्या दिशेने काटे उमटले. काही बारीक, काही ६०-७० मायक्रोसेकंद रुंद.

९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचं. यूएआरटी (मायक्रोमधला, बिट वाचून बाइट जुळवणारा भाग) रेषा खाली गेली की ते स्टार्ट बिट असेल असं धरतो आणि बिटच्या मध्यावर, ५२ मायक्रोसेकंदांनी, पुन्हा डोकावतो. तोवर रेषा वर गेली असेल तर खोटा इशारा म्हणून सोडून देतो. बारीक काटे त्यामुळे निघून जात होते. ६०-७० चे काटे मात्र त्याला खरे वाटत होते. मग तो पुढचे आठ बिट गोळा करत बसतो आणि एक भुताचा बाइट तयार होतो.

त्यानंतर मास्टरचा प्रश्न येतो. मॉडबस आरटीयूमध्ये फ्रेम कुठे सुरू होते हे फक्त शांततेवरून कळतं: किमान साडेतीन अक्षरांची शांतता, ९६०० ला सुमारे ४ मिलिसेकंद. भुताचा बाइट प्रश्नाच्या आधी ४ मिलिसेकंदांच्या आत आला की स्लेव्ह तो प्रश्नाचाच पहिला बाइट समजतो. पत्ता चुकतो, सीआरसी जुळत नाही, स्लेव्ह नियमाप्रमाणे तोंड मिटून बसतो. भूत बाइट अर्धवट असतानाच खरा स्टार्ट बिट आला तर आणखी वाईट, सगळे बिट सरकतात. मास्टरच्या लॉगमध्ये या सगळ्याची नोंद एकच: टाइमआउट.

फोरमनना मी म्हणालो, "त्याला ऐकू येतंय. तुम्ही गप्प असता तेव्हासुद्धा ऐकू येतंय, तीच अडचण आहे."

वेळ वाढवूनही काही का झालं नाही तेही यातून कळतं. वाढवलेला वेळ म्हणजे वाढवलेली शांतता, आणि भुतं शांततेतच जन्मत होती.

दुरुस्ती

चौथ्या कंट्रोलरचं टर्मिनेशन बंद केलं. मास्टरवरचे ५६० काढून ३३० ओहमचे लावले. ३९० चाही विचार केला होता: मास्टरपाशी २६० मिलिव्होल्ट, पण लांबच्या टोकाला २०८. काठावर. आधीच्या माणसाने जी चूक केली ती थोड्या सभ्यपणे पुन्हा करण्यात अर्थ नव्हता. ३३० ने मास्टरपाशी ३०३ आणि टोकाला २४२ मिळतात. सात नोडच्या इनपुटचा भार धरला तरी त्यातले चार-पाच मिलिव्होल्टच जातात. बायस फार जड केला तर तोच ड्रायव्हरवर भार होतो, म्हणून तेही तपासलं: ६६.७ समांतर ६६० म्हणजे ६०.६ ओहम, ५४ च्या वर, ठीक. तिसऱ्या टर्मिनेशनसह हाच आकडा ४६ च्या खाली होता, म्हणजे ३.३ वाला ड्रायव्हरही इतके दिवस अटीबाहेरचं ओझं ओढत होता आणि तरी १.७ व्होल्ट देत होता. त्याच्याबद्दल वाईट बोलणाऱ्यांनी हे ऐकावं.

दुसरा रस्ता होता तो फेलसेफ रिसीव्हरांचा. अलीकडच्या बऱ्याच ट्रान्सीव्हरांचा उंबरठा मुद्दाम शून्याखाली, −५० ते −२०० मिलिव्होल्टच्या मधे ठेवलेला असतो, म्हणजे फरक शून्य असला तरी ते १ च वाचतात. नवीन रचना करताना मी तेच घेतो. पण इथे ऐकणारे सहा जुने कंट्रोलर होते, मास्टरवर कितीही शहाणी चिप लावली तरी त्यांचे कान तेच राहणार.

ग्राउंडचं काम वेगळं करावं लागलं. लाइनमध्ये दोनच तारा वापरात होत्या, शील्ड एका टोकाला बांधलेली. "डिफरेन्शियल आहे, ग्राउंड कशाला" हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता वाद घालत नाही, मीटर दाखवतो. ४.२ व्होल्टचं शिखर −७ ते +१२ मध्ये बसतं, पण एखाद्या मोठ्या मोटारीने ते ९ केलं तर ५ आणि ३.३ दोन्ही जातींचे रिसीव्हर सारखेच आंधळे होतील. केबलमध्ये एक मोकळी तार होती, ती सगळ्या कंट्रोलरांच्या सिग्नल ग्राउंडला, प्रत्येक ठिकाणी १०० ओहममधून, जोडून घेतली. पॅनेलांमधला फरक मोठा असता तर आयसोलेटेड (दोन्ही बाजूंचं ग्राउंड वेगळं ठेवणाऱ्या) ट्रान्सीव्हरशिवाय इलाज नव्हता.

बोर्डाच्या पुढच्या आवृत्तीत मॅक्स ३४८५ ऐवजी मॅक्स ३४८३ घ्यायला सांगितला, २५० किलोबिटांपर्यंतचा, मंद कडांचा. ९६०० बॉडला १० मेगाबिटांच्या टोकदार कडा कशाला हव्यात?

सप्लायचा फरक जिथे खरोखर बाधतो

मधल्या काळात तिथल्या एका मुलाने डोकं लावून नव्या बोर्डावर जुना मॅक्स ४८५ बसवला होता. आधी ३.३ वरच चालवला. टेबलावर "चालला". त्याचा सप्लाय ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असा ठरलेला आहे, त्याखाली तो किती फरक देईल याची जबाबदारी कुणाचीच नाही. मग त्याने चिपला वेगळे ५ व्होल्ट दिले. ए आणि बी च्या बाजूने त्यात काहीही गैर नव्हतं. गैर होतं दुसऱ्या बाजूला. मायक्रोकडून येणारं ३.३ चालतं, कारण चिपला १ ओळखायला २ व्होल्ट पुरतात. पण आरओ पाय सरळ मायक्रोच्या पिनवर होता आणि तो ५ व्होल्टच्या जवळ जातो. ती पिन ५ व्होल्ट सोसणारी नव्हती. मधे १.८ किलो आणि ३.३ किलोचा डिव्हायडर टाकला की ५ चे ३.२ होतात आणि काम भागतं. लेव्हल कन्व्हर्टर हवाच असेल तर त्याची जागा ही, बोर्डाच्या आत, चिप आणि मायक्रोच्या मधे.

डिफरेन्शियल म्हटलं की सप्लाय विसरा, असंही समजू नका. पीईसीएल या वेगवान डिफरेन्शियल पद्धतीत पातळ्या वरच्या सप्लायपासून खाली मोजतात, मध्य सप्लायच्या सुमारे १.३ व्होल्ट खाली. ५ व्होल्टवाल्याचा मध्य ३.७ ला, ३.३ वाल्याचा २ ला. ते सरळ जोडले तर गोंधळ होणारच. तिथे कपॅसिटर किंवा रेझिस्टरांचं जाळं लागतं. एलव्हीडीएस या कमी व्होल्टेजच्या डिफरेन्शियल पद्धतीत ३.५ मिलिअँपिअर १०० ओहममधून जाऊन ३५० मिलिव्होल्टचा फरक, १.२ व्होल्टच्या आसपास. त्याचा रिसीव्हर ० ते २.४ व्होल्टपर्यंतच बघतो. त्याच्यावर आरएस-४२२ चा (आरएस-४८५ च्या भावंडाचा) ड्रायव्हर सोडलात तर हद्द ओलांडली जाईल. आणि खुद्द आरएस-४२२ मध्ये अट कडक आहे, १०० ओहमवर किमान २ व्होल्ट. ३.३ मधून २ काढताना ड्रायव्हरला फार थोडं उरतं, तेव्हा ३.३ वाली चिप ४२२ ची अट पूर्ण करते की फक्त "४२२ शी जुळते" असं म्हणते, हे डेटाशीटच्या तक्त्यात वाचावं, पहिल्या पानावर नाही.

एक शेपूट राहिलं होतं

दुरुस्तीनंतर तीन दिवस लॉग कोरा होता, ब्लोअर चालू असतानासुद्धा. चौथ्या दिवशी फोन आला. मास्टरचा फ्यूज काढून, लॅपटॉप लावून ते कंट्रोलर तपासत होते, आणि बंद मास्टरवरचा हिरवा दिवा मिणमिणत होता. कंट्रोलर बोलला की थोडा उजळायचा.

फ्यूज काढलेल्या बोर्डाच्या ३.३ च्या रेलवर १.९ व्होल्ट होते. ट्रान्सीव्हर यात निर्दोष. तो बंद असताना तारेवरून काही आत घेत नाही. वाट बायसच्या रेझिस्टरची होती. ५ व्होल्टवाला कंट्रोलर ए ला वर नेतो, तिथून ३३० ओहममधून करंट सरळ मेलेल्या रेलवर. ५६० असताना हे कमी व्हायचं आणि कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. अर्धवट जागा झालेला मायक्रो कधी काय करेल याचा नेम नसतो, म्हणून वरच्या ३३० च्या मागे, करंट उलटा शिरू नये म्हणून, एक शॉट्की डायोड घातला. तो पाव व्होल्ट खातो. त्यामुळे पुन्हा मल्टिमीटर घेऊन सहाव्या पॅनेलला जावं लागलं, त्याच दोन स्क्रूंपाशी. मास्टर चालू, सगळे गप्प: ०.२२.